घोड्यावरची तलवार

नवा व्हिडिओ गेम आला की मुलांच्या टोळक्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ग्राफिक्स कसे आहेत? पावसात रस्ता ओला दिसतो का, कपाळावरचा घाम दिसतो का. खेळायला मजा येते का, ही चौकशी मागाहून. याच प्रश्नापायी एका नामवंत गेम-मालिकेची काही वर्षं चांगलीच ओढाताण झाली. आज तिच्याविषयी बोलतो.

मालिकेचं नाव ‘द लेजंड ऑफ झेल्डा’. ती क्योटोच्या निन्टेंडो कंपनीची. ही कंपनी 1889 पासून पत्ते बनवायची, गेमकडे ती फार उशिरा वळली. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी पहिला झेल्डा 1986 मध्ये आणला. हिरव्या कपड्यांतल्या नायकाचं नाव लिंक. झेल्डा ही राजकन्या, पण नायकालाच झेल्डा म्हणणारे अजून भेटतात. मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे गावात रानोमाळ भटकत आणि कंदील घेऊन गुहेत शिरत. तेच कुतूहल त्यांना खेळात हवं होतं. पडद्यावर होते मोजके रंगीत चौकोन. पण कुठलं झुडूप जाळलं की खाली जिना सापडेल, हे कोणी सांगत नसे. ते तुम्हीच शोधायचं.

1998 मध्ये ‘ओकॅरिना ऑफ टाइम’ आला आणि झेल्डा त्रिमितीत गेला. आता अडचण अशी की मोकळ्या मैदानात शत्रू कॅमेऱ्याबाहेर गेला तर त्याला मारणार कसं? निर्मात्यांपैकी काही जण क्योटोतल्या तोएई कंपनीच्या चित्रपटनगरीत गेले होते. तिथल्या लुटुपुटूच्या लढाईत साखळीचं विळा-शस्त्र घेतलेला निन्जा प्रतिस्पर्ध्याभोवती गोल फिरताना त्यांनी पाहिला, आणि अनेकांनी घेरलं तरी अंगावर एकेकच कसा येतो, हेही टिपलं. त्यातून निघाली एका बटणावर शत्रूवर नजर खिळवण्याची सोय. ती आज कितीतरी गेममध्ये सर्रास असते. ओकॅरिनातले चेहरे आज पाचरी ठोकून बनवल्यासारखे दिसतात, पण ती सोय काही जुनी झाली नाही.

आता भांडणाकडे येऊ. ऑगस्ट 2000. निन्टेंडोने आपल्या ‘स्पेसवर्ल्ड’ प्रदर्शनात गेमक्यूब या नव्या यंत्राची ताकद दाखवायला एक छोटी चित्रफीत लावली. लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांची तलवारबाजी, अगदी खरीखुरी वाटावी अशी. ते फक्त यंत्राचं प्रात्यक्षिक होतं, पण चाहत्यांनी पुढचा झेल्डा असाच असणार हे मनाशी पक्कं केलं. वर्षभराने त्याच प्रदर्शनात प्रत्यक्ष गेमची झलक आली. मोठ्या डोळ्यांचा, बुटका, कार्टूनमधून उतरल्यासारखा लिंक! मऊ छटांच्या जागी उजेड आणि सावलीचे दोन ठळक पट्टे. या पद्धतीला सेल शेडिंग म्हणतात. चाहते भडकले. झेल्डाला ‘सेल्डा’ म्हणून हिणवू लागले. आपल्याला पोरखेळ विकताहेत, अशी त्यांची तक्रार होती.

तो गेम म्हणजे ‘द विंड वेकर’. जपानमध्ये डिसेंबर 2002 मध्ये आणि बाहेर पुढच्या वर्षी आला. दिग्दर्शक एइजी आओनुमा. जो खेळला त्याला कळलं की ते मोठे डोळे शोभेपुरते नव्हते. खोलीत काही महत्त्वाचं असलं की लिंक आपसूक तिकडे बघतो. त्याची नजर पकडली की कोडं सुटायला लागतं. समुद्रावर वारा पांढऱ्या रेघांनी काढलेला आहे, त्यामुळे शीड कुठे वळवायचं ते दिसतं. खऱ्यासारखा वारा काढला असता तर तो दिसलाच नसता. तलवारीचा घाव बसला की वाद्यवृंदाचा एक तुकडा वाजतो, तोही खेळाचाच भाग. रेडिओवरून निदान एवढं तरी ऐकवायला हवं होतं.

दोष होता, पण भलतीकडे. समुद्र अफाट आणि होडी संथ. शेवटी शेवटी ‘त्रिशक्ती’ नावाच्या जादूच्या वस्तूचे आठ तुकडे समुद्रतळातून काढायचे आणि त्यासाठीचा प्रत्येक नकाशा वाचून घ्यायला 398 ‘रुपी’ मोजायचे. होय, तिथलं चलन हेच आहे. दोन भुयारं वेळेअभावी गाळली गेली होती आणि ती पोकळी जाणवत होती. 2013 मध्ये हाच गेम नव्या रूपात आला, तेव्हा वेगवान शीड दिलं आणि तुकड्यांची खटपट बरीच कमी केली. कार्टून मात्र कार्टूनच राहिलं. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याला कोणी पोरखेळ म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

पण 2003 मध्ये निकाल वेगळा होता. अमेरिकेतल्या कार्यालयातून आओनुमांना कळलं की या रूपामुळे गेम लहानांचा वाटतो आणि खप थंडावलाय. पुढचा झेल्डा वास्तवदर्शी करू द्या, अशी परवानगी मागायला ते मियामोतोंकडे गेले. आओनुमांनी स्वतःच 2007 च्या एका भाषणात ही हकिगत सांगितली आहे. मियामोतो पोत आणि प्रकाशयोजनेबद्दल काही बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की वास्तवदर्शीच करायचा असेल तर ओकॅरिनात जे जमलं नव्हतं तिथून सुरुवात करा. घोड्यावर बसून तलवार चालवता आली पाहिजे. ओकॅरिनात घोड्यावरून फक्त बाण सोडता यायचे. कसा दिसावा, असा प्रश्न घेऊन माणूस आला, आणि परत गेला तो काय करता यावं, हा प्रश्न घेऊन. या साऱ्या वादात याहून शहाणं बोलणं मला सापडलेलं नाही.

मे 2004 मध्ये लॉस एंजेलिसला या नव्या झेल्डाची झलक दाखवली तेव्हा सभागृह उभं राहून ओरडत होतं, आणि मंचावर मियामोतो ढाल-तलवार घेऊन आले. तो ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ या नावाने 2006 च्या अखेरीस बाजारात आला आणि त्याचा खप विंड वेकरच्या दुपटीच्या आसपास गेला. म्हणजे बाजाराने कौल वास्तवाला दिला, हे मान्य केलंच पाहिजे. पण आज तो लावून बघा. तो तपकिरी धूसरपणा त्या काळातल्या शंभर गेममध्ये होता. सुरुवातीचे काही तास शेळ्या वळण्यात आणि मासे धरण्यात जातात. लक्षात राहते ती पुलावरची झुंज. समोरून राक्षस भरधाव येतोय, वाट अरुंद, आणि घोड्यावरून नेमक्या क्षणी वार करायचाय. म्हणजे मियामोतोंनी मागितलेलीच गोष्ट!

2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने हा तंटा मिटवला. तिथे गवत पेटतं, आगीवरच्या गरम हवेने लिंकचा पॅराग्लायडर वर उचलला जातो, वादळात लोखंडी तलवार हाती असली तर वीज अंगावर येते. त्याआधी तलवारीवर ठिणग्या उडतात; सावध व्हा म्हणून. झाड तोडलं की ओंडका, ओंडक्यावर घाव घातला की क्षणात सरपणाची मोळी. हे थोडं चितारलेल्या जगात खपून जातं, छायाचित्रासारख्या जगात हास्यास्पद ठरलं असतं, अशा अर्थाचं स्पष्टीकरण त्याच्या कलादिग्दर्शकांनी दिलं होतं. आपल्याकडे दशावतारात एका बाकड्याचं सिंहासन होतं आणि कोणी हरकत घेत नाही. मागे खराखुरा दगडी वाडा उभारा, मग बघा बाकडं किती खटकतं ते.

या गेमची कल्पना आधी तपासली गेली ती 1986 च्या धर्तीच्या सपाट चौकोनी चित्रांत. झाड पेटतं का, ओंडक्यावर बसून नदी ओलांडता येते का, एवढंच निर्मात्यांनी पाहिलं. आज पुण्या-मुंबईत गेम बनवणारे तरुण आहेत. त्यांच्यापैकी कोणी ऐकत असेल तर एवढं करा: तुमचा खेळ आधी चौकोनांत बनवा, घरातल्या कोणाच्या तरी हातात द्या, आणि जेवायला हाक मारल्यावर तो उठतो का ते बघा. लगेच उठला, तर चित्रकाराला इतक्यात बोलावू नका.