पहिलं बिल पाठवण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानातील काही भाग)



याच मंडपात मी रांगोळ्या काढत मोठी झाले. इथे माइक हातात घ्यायची सवय नाही, सांभाळून घ्या. काल एका काकूंनी विचारलं, "जर्मनीत नुसती चित्रं काढून पोट भरतं का गं?" भरतं. पण त्याआधी परवानगी लागते, आणि मी नेमकी तिथेच आपटले.

मी इथल्या फाइन आर्ट्सची. बर्लिनला गेले ती एका कंपनीत डिझायनर म्हणून. दोन वर्षांनी एका प्रकाशकाने मुलांच्या पुस्तकासाठी चित्रं मागितली. कर कार्यालयाचा फॉर्म भरला, कर क्रमांक आला, मला वाटलं झालं काम! सहा चित्रं तयार झाल्यावर प्रकाशकाने माझ्या परवान्याची प्रत मागितली. कार्डासोबत एक जोडपत्र मिळतं, ते दोन वर्षं माझ्याच कपाटात पडून होतं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं: स्वतंत्र व्यवसायास परवानगी नाही. पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे गेलं. दोष कुणाला देणार? कागद माझाच होता.

त्या कागदावरचे दोन शब्द ध्यानात ठेवा. 'बेशेफ्टिगुंग' म्हणजे नोकरी. 'एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट' म्हणजे कमाईचं कुठलंही काम, नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मागे कुटुंब म्हणून गेलेल्यांच्या कागदावर बहुधा हा दुसरा शब्द असतो. म्हणजे माझ्या शेजारची, जी स्वतःला 'मी काय, नुसती डिपेंडंट' म्हणायची, तिला ते पुस्तक त्याच दिवशी करता आलं असतं!

मग मी रीतसर अर्ज केला. तिथल्या निवास कायद्याचं २१वं कलम यासाठी आहे. त्याच्या ६व्या पोटकलमाखाली नोकरी न सोडता जोडीने व्यवसायाची परवानगी मागता येते. कंपनीची लेखी संमती, दोन संभाव्य ग्राहकांची पत्रं आणि खर्च-उत्पन्नाचा अंदाज, एवढं मी जोडलं. नोकरी सोडली ती पुढे, ५व्या पोटकलमाखाली परवाना मिळाल्यावर. ते कलम चित्रकार, भाषांतरकार अशा मुक्त व्यावसायिकांसाठी आहे. डबे किंवा मोदक विकायचे असतील तर तो धंदा ठरतो. त्याची नोंदणी वेगळी, आणि त्या धंद्याची तिथे गरज आहे, भांडवलाची सोय आहे, हेही पटवून द्यावं लागतं. वय ४५च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूद दाखवा म्हणतात. (हसू नका, इथले दोघे-तिघे मला खाजगीत विचारून गेलेत.)

आरोग्य विम्याचं मात्र कुणी आधी सांगत नाही. नोकरीत जवळपास निम्मा हप्ता मालक भरतो, स्वतंत्र झालात की सगळा तुमच्या खिशातून. कलाकार-लेखकांसाठी १९८३पासून एक सामाजिक विमा निधी आहे, तो निम्मा भार उचलतो. त्यात नाव लागेपर्यंतचे महिने मी फार काटकसरीत काढले.

ज्यांची मुलं शिकायला गेलीत त्यांनी आज रात्रीच फोन करून जोडपत्र वाचून घ्या. विद्यार्थ्याला ठरावीक दिवस नोकरी करता येते, पण स्वतःच्या नावाने बिल फाडायला वेगळी परवानगी लागते. माझ्या अर्जासोबतच्या कागदांची यादी मी चिटणीसांकडे ठेवली आहे. आरतीनंतर मीही इथेच आहे.