शेणाचा हिशेब



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. मजुरीचा हिशेब तपासता तपासता जे शिकलो तेच आमचे विद्यापीठ. तोच हिशेब आज गोबरगॅसला लावतो. २५ किलो शेणातून सुमारे १ घनमीटर गॅस निघतो, आणि तो सिलिंडरमधल्या ४५० ग्रॅम गॅसचे काम करतो. चार-पाच गुरे असली की घरची चूल त्यावर चालते. गोवरी जाळली म्हणजे शेणातला नत्र धुरावाटे जातो; येथे गॅस काढूनही तो स्लरीत राहतो व शेताला मिळतो. एका शेणाचे दोनदा दाम!

परंतु दाम कोणाच्या पदरात? १९८१-८२ पासून राष्ट्रीय योजनेतून अनुदान मिळू लागले, ते ज्याच्या दावणीला गुरे त्यालाच. आमची शेतमजूर भगिनी वाटेवरचे पो वेचून गोवऱ्या थापते. शेणाला मोल आले की तेही तिला कोण उचलू देईल? गोठेवाल्याचा फायदा आम्हाला खुपत नाही, पण तिची चूल विझून तो व्हावा हे आम्हाला मान्य नाही. म्हणून आमची मागणी अशी : संयंत्र गावाचे असावे, आणि जी बाई शेणाची पाटी आणून टाकील तिच्या नावावर त्याच दिवशी गॅस किंवा स्लरी मांडली जावी.