दशांश व्होल्टचे मोल



तळहाताएवढ्या पाटीवर अख्खा संगणक मावतो, त्यास बोर्ड म्हणतात. क्युबीबोर्ड २, क्युबीट्रक आणि बनाना पाय या तिन्ही बोर्डांवर एकच चिप बसते, ऑलविनर कंपनीची ए२०. लिनक्सवर चालणारा असा बोर्ड घरच्या फाइली सांभाळतो, कुठे यंत्रावर देखरेख ठेवतो. मध्यरात्री तो निपचित पडला की दोष मेमरी कार्डाला किंवा चार्जरला दिला जातो. पुष्कळदा तो खराही असतो. पण दोन्ही बदलूनही आजार हटत नाही, तेव्हा प्रोसेसरच्या व्होल्टेजकडे पाहावे लागते.

प्रोसेसर सदैव एकाच वेगाने धावत नाही. काम वाढले की वेग वाढतो, सरले की उतरतो. कोणत्या वेगाला किती व्होल्ट, याचा तक्ता ‘डिव्हाइस ट्री’मध्ये लिहिलेला असतो. ए२०च्या तक्त्यात ९६० मेगाहर्ट्झला १.४ व्होल्ट होते आणि सर्वांत खालच्या १४४ मेगाहर्ट्झला ०.९. चिपची स्वतःची किमान मर्यादा मात्र १.० व्होल्ट. व्होल्टेज घटले की ट्रान्झिस्टर मंदावतात. फारच घटले तर वेग कितीही संथ ठेवला तरी चिपमधील स्मृतिपेशी आपला बिट धरून ठेवू शकत नाहीत. म्हणजे ज्या बोर्डाला हे सोसत नसे, तो कामाच्या धबडग्यात नव्हे, विसाव्याच्या क्षणी कोसळण्याची भीती. शिवाय एकाच घाण्यातील दोन चिपा सारख्या नसतात. शेजाऱ्याचा बोर्ड विनातक्रार चालतो, आणि तक्रार करणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या काटकसरीतून मिळत काय होते? वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात खर्च होते. हिशेब मांडला तर १४४ मेगाहर्ट्झवर वाचणारी वीज पूर्ण वेगाच्या खर्चाच्या जेमतेम दीड टक्का भरते. एवढ्यासाठी मर्यादा ओलांडणे हा कंजूषपणाच म्हणावा. २०१५ साली लिनक्सच्या मूळ संहितेत ०.९च्या जागी १.० लिहिले गेले. बदल एवढाच.

वरच्या वेगांची परीक्षा अधिक अवघड. बोर्ड बंद पडला तर निदान दोष दिसतो. तो चालू राहून चुकीचे उत्तर देऊ लागला, तर बिघडलेले आकडे कार्डावर मुकाट्याने लिहिले जातात. म्हणून जाणकारांनी एक साधी युक्ती योजली. प्रोसेसर एका वेगावर खिळवायचा, एकच जेपेग चित्र पुन्हा पुन्हा उलगडायचे आणि प्रत्येक निकाल पहिल्याशी ताडून पाहायचा. एका बिटाचा फरक पडला तरी ते व्होल्टेज अपुरे. या बोर्डांवरील वीजनियंत्रक एएक्सपी२०९ प्रोसेसरचे व्होल्टेज २५ मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी वाढवतो. निकाल जुळू लागल्यावरही एकदोन पायऱ्या जास्त ठेवणे शहाणपणाचे, कारण उन्हाळ्यातले तापमान परीक्षेच्या खोलीतले नसते. उगाच फार वाढवले तर मात्र चिप तापते.

क्रमही पाळावा लागतो. वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढते, मग वेग. उतरताना आधी वेग, मग व्होल्टेज. हे लिनक्स स्वतःच करते. माणसाने करायचे ते इतकेच, की तक्त्याला हात लावण्यापूर्वी जुन्या फाइलीची प्रत दुसऱ्या कार्डावर ठेवायची. नवा आकडा चुकला, तर बोर्ड सुरूच होणार नाही.