अपंगांची शिरगणती आणि त्यांची भाकरी



 आकडा हा प्रकार रुक्ष खरा. परंतु आज मी ज्या आकड्यांविषयी बोलणार आहे, त्यांच्यावर पुष्कळ माणसांची रोजची भाकरी अवलंबून आहे.

प्रथम एक कोडे आपणांपुढे ठेवतो. २००१ सालच्या जनगणनेत महाराष्ट्रातील अपंगांची संख्या सुमारे १५ लाख ७० हजार भरली. २०११ साली तीच २९ लाख ६३ हजारांवर गेली. या दहा वर्षांत राज्याची एकंदर लोकसंख्या शेकडा १६ ने वाढली, आणि अपंग मात्र जवळजवळ दुप्पट झाले! असे कोणते अरिष्ट या काळात महाराष्ट्रावर कोसळले? उलट पोलिओ हटत आला होता. त्याचा देशातला अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला. मग ही चौदा लाख माणसे आली कोठून?

साऱ्या देशाचे आकडे पाहिले म्हणजे कोडे आणखी अवघड होते. २००१ साली दृष्टीचे अपंगत्व असलेले १ कोटी ६ लाख होते, ते २०११ साली ५० लाख झाले. ऐकण्याचे अपंगत्व असलेले १२ लाख ६० हजारांवरून ५० लाख ७० हजारांवर गेले. निम्म्या आंधळ्यांना दृष्टी आली आणि बहिरे मात्र चौपट वाढले, असा चमत्कार काही घडला नव्हता. २००१ साली एकाच डोळ्याने दिसणारा माणूसही दृष्टीने अपंग धरला होता. २०११ साली त्याला वगळले. २००१ साली कानाला यंत्र लावून ऐकू येणारा माणूस अपंग नव्हता; २०११ साली तो अपंग ठरला. व्याख्या बदलली तशी संख्या बदलली. ‘आंधळा मागतो एक डोळा’ ही म्हण आपण सहज वापरतो. येथे तो एक डोळा देणारी शिरगणतीची सूचना-पुस्तिका निघाली!

दुसरे कारण याहून साधे आहे. २००१ च्या प्रश्नावलीत हा प्रश्न पंधरावा होता, २०११ मध्ये तो नवव्या जागी आणला, आणि विचारायचा कसा याची शिकवणूकही गणकांना अधिक काळजीपूर्वक दिली गेली. दारात उभ्या असलेल्या गुरुजींनी पंधराव्या प्रश्नापर्यंत येताना सुस्कारा टाकला असेल, तर त्यांना दोष देववत नाही.

आमचे आजोबा जिला खानेसुमारी म्हणत, तिच्यात अपंगांची नोंद आरंभापासून होती. १८७२ पासून १९३१ पर्यंत अंध, मूकबधिर, वेडे आणि महारोगी अशा चार वर्गांत ती होत असे. लोक खरे सांगत नाहीत या सबबीवर १९४१ पासून ती बंद पडली, आणि स्वराज्य आल्यावरही १९५१, १९६१, १९७१ या तिन्ही वेळी हा रकाना नव्हता. १९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाचे अपंग वर्ष, म्हणून त्या वर्षी तो परत आला. तोही केवळ पूर्ण अंध, पूर्ण मुके आणि पूर्ण पांगळे यांच्यापुरता. सारे मिळून अकरा लाख माणसे सापडली. १९९१ ला पुन्हा रकाना गायब! वाण्याने काही वर्षे वही लिहावी, काही वर्षे लिहू नये, आणि मग दुकानाचा ताळा जमत नाही म्हणून कपाळाला हात लावावा, तसा हा प्रकार झाला.

आता रोजगाराकडे वळतो. केंद्र सरकारने १९७७ साली तृतीय व चतुर्थ श्रेणीच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या. त्या वेळी संपूर्ण शिरगणतीतला आकडा ४६ वर्षांपूर्वीचा होता. मधल्या काळात राष्ट्रीय नमुना पाहणीने थोडीफार चौकशी केली होती एवढेच. अंधांना एक, बहिऱ्यांना एक, हातापायांनी अधू असलेल्यांना एक, अशी ती वाटणी. १९९५ च्या कायद्याने हेच ३ टक्के कायम केले. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले आणि टक्के ४ केले. वाढलेला एक टक्का नव्या प्रकारांसाठी. प्रकारागणिक टक्का हा हिशेब समजायला सोपा खरा, पण कोणत्या प्रकारची माणसे किती, त्यातील कामाच्या वयाची किती, या मोजणीतून तो निघालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टक्का ठरला तरी भांडण संपत नाही. टक्का कशाचा? वरच्या श्रेणींत सरकार तो अपंगांना योग्य म्हणून ठरवलेल्या जागांवर मोजत होते, सर्व जागांवर नव्हे. शंभरातल्या दहाच जागा योग्य ठरवल्या, तर दहाचे तीन टक्के म्हणजे शून्याच्याच घरात! ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मोडून काढला आणि संवर्गातील एकूण रिक्त जागांवर टक्का मोजण्यास सांगितले. कायद्याचे एक अक्षरही न बदलता केवळ छेद बदलल्याने माणसांच्या नोकऱ्या बदलतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

परंतु सरकारी नोकरी मिळून मिळून किती जणांना मिळणार? देशात २०११ साली २ कोटी ६८ लाख अपंग होते. त्यांतील शेकडा ३६ काही ना काही काम करीत होते. सर्व लोकसंख्येत हे प्रमाण शेकडा ४० च्या आसपास होते. म्हणजे फरक चारच, असे म्हणून आपण सुखाने झोपावे काय? मुळीच नाही. अपंगांत तान्ही मुले कमी असतात, कारण अपंगत्व ध्यानात यायलाच काही वर्षे जातात. आणि तान्ही मुले काम करीत नाहीत. तेव्हा वयाची जोड घालून पाहिले तर अंतर वाढते. स्त्रियांचे पाहा. अपंग स्त्रियांत काम करणाऱ्या शेकडा २३, सर्व स्त्रियांत २५ ते २६. येथे अंतर थोडे दिसते ते अपंग स्त्रीची स्थिती बरी आहे म्हणून नव्हे; धडधाकट बहिणीचेही काम कोणी काम म्हणून लिहून घेत नाही, म्हणून.

याहून फसवा आकडा बेकारीचा. राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१८ च्या जुलै ते डिसेंबरात अपंगांची मोठी पाहणी केली. पंधरा वर्षांवरील अपंगांत बेकारीचे प्रमाण निघाले शेकडा ४.२. २०१७-१८ च्या श्रमशक्ती पाहणीत सर्वसाधारण बेकारी होती ६.१. म्हणजे अपंग इतरांपेक्षा कमी बेकार! मेख अशी आहे की बेकार म्हणजे जो काम शोधतो आहे पण ज्याला ते मिळत नाही तो. शंभर अपंगांपैकी २३.८ जण कामाच्या बाजारात होते, त्यांतल्या २२.८ जणांना काम होते. उरला एक, तोच बेकार. उरलेले ७६ बाजारातच नव्हते. त्यांत वृद्ध पुष्कळ असतील हे मान्य. पण ज्याला एस. टी.ची पायरी चढता येत नाही, जिला घरचे बाहेर पाठवत नाहीत, जो दहा दारांतून परत येऊन अकराव्या दारी गेलाच नाही, तेही त्या ७६ मध्येच आहेत. ४.२ वाचणारा अधिकारी रोजगार मेळावा भरवील आणि समाधान पावेल. ७६ वाचणाऱ्याला मात्र बस, फुटपाथ, शाळा आणि कचेरीचे जिने यांचा विचार करावाच लागेल.

शिवाय उत्तर देणारा माणूस भितो, हेही विसरू नये. अनुदानाला उत्पन्नाची मर्यादा असते. ‘काम करता काय?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हटले आणि महिन्याचे पैसे बंद झाले तर? म्हणून तो ‘काही नाही हो’ म्हणतो, आणि त्याची टोपल्या विणण्याची कमाई हिशेबाबाहेर राहते. वास्तविक १९४८ च्या जनगणना कायद्याने ही उत्तरे गुप्त आहेत, ती कोणाविरुद्ध पुराव्यात आणता येत नाहीत. परंतु हे दारावर कोणी सांगत नाही. मुलीच्या बाबतीत भीती निराळी. तिचे लग्न व्हायचे असते. २०११ मध्ये अपंगांत पुरुष शेकडा ५६ आणि स्त्रिया ४४ निघाल्या, त्यात या लपवाछपवीचा वाटा मोठा असावा असे मी मानतो. म्हाताऱ्यांचे तर विचारूच नका. ऐंशी वर्षांपुढच्या शंभर माणसांत आठ-साडेआठच अपंग लिहिले गेले. आपल्या आळीतील ऐंशी ओलांडलेली मंडळी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हा आकडा किती पोकळ आहे ते कळेल. ‘अपंग नाहीत हो, वय झालंय,’ असे आपणच सांगतो.

यावर उपाय आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली वॉशिंग्टन गट या नावाने जमलेल्या संख्याशास्त्रज्ञांनी सहा साधे प्रश्न तयार केले. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःचे आवरायला, बोललेले समजायला-समजावायला त्रास होतो का? उत्तरे चार: नाही, थोडा, पुष्कळ, मुळीच जमत नाही. अपंग, दिव्यांग हा शब्दच उच्चारायचा नाही! शब्दाची लाज वाटते, त्रासाची वाटत नाही. आणि जिना चढण्याचा त्रास किती जणांना, हे कळले की जिन्याला कठडा बसवायचा की उतार बांधायचा, हेही ठरवता येते.

आपल्या गावाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. कोणावर करायची? हाताशी असते ती प्रमाणपत्र घेतलेल्यांची यादी. २०१८ च्या पाहणीत प्रमाणपत्र असलेले अपंग होते शेकडा २८.८. जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत जाऊन, रांगेत उभे राहून जे परत आले, ते यादीत. ज्यांना तेथवर जाताच आले नाही, म्हणजे ज्यांना गरज अधिक, ते यादीबाहेर.

२०२१ ची जनगणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून ठरली. २०११ च्या तक्त्यांत अपंगांचा सर्वांत मोठा गट दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचा होता: सुमारे ४६ लाख. आपापली पाटी-दप्तरे घेऊन, किंवा ती न घेता घरी बसून, ही मुले त्या वर्षी मोजली गेली. पंधरा वर्षांत ती काम मागायला येणार, हे त्याच वेळी कागदावर उमटले होते. कोणत्या जिल्ह्यात किती, कोणत्या प्रकारची, शाळेत जाणारी किती, हेही तक्त्यांत होते. त्यावरून कोठे कसले शिक्षण लागेल, हे त्याच वर्षी मांडता आले असते. २०२७ साली ती मुले सव्वीस ते पस्तीस वर्षांची असतील. गणक त्यांच्या दारी जाईल, आणि व्यवसायाच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबेल.