शेगाव, सेगाव आणि एका बँडचं नाव

(वर्ध्यातील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



दिवसभर पंचेचाळीस अंशांत भाजून निघालेल्या गावात संध्याकाळी घराबाहेर पडायचं आणि सतरंजीवर बसून व्याख्यान ऐकायचं, याला भाषेवर प्रेमच असावं लागतं. तुमचे मनापासून आभार. पत्रिकेतला विषय वाचून दोघातिघांनी मला विचारलं, ‘पोस्ट-रॉक म्हणजे काय असतं, आणि त्याचा आपल्या जिल्ह्याशी काय संबंध?’ संबंध नावांचा आहे. सारख्या वाटणाऱ्या नावांनी काय घोळ होतो, हे या जिल्ह्याने फार जवळून पाहिलंय. म्हणून गिटारकडे जाण्याआधी आपण इथून आठ किलोमीटरवरच्या एका खेड्यात जाऊ.

१९३६च्या एप्रिलअखेर गांधीजी सेगावला राहायला आले. त्यांच्या मागोमाग देशभरातून, परदेशातून टपाल येऊ लागलं. पण याच मुंबई-हावडा लोहमार्गावर, पश्चिमेकडे बुलढाणा जिल्ह्यात, गजानन महाराजांचं शेगाव आहे. दोन्ही नावं रोमन लिपीत लिहून पाहा, फरक एका ‘एच’चा. आपल्या लिपीत शहामृगाचा श आणि समईचा स, आणि बोलताना तर तोही फरक अनेकांच्या तोंडी राहत नाही. सेगावची पत्रं शेगावला जायची. शेवटी १९४०मध्ये गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं. आपण ‘सेवाग्राम’ म्हणतो तेव्हा मनात सेवेचा विचार येतो, आणि तो खराच आहे. पण त्या नावाला निमित्त झालं ते पोस्टाच्या थैलीचं. पुढे वर्धा पूर्व हे स्टेशनही सेवाग्राम झालं. जुन्या नावातले ‘से’ आणि ‘ग’ नव्या नावातही राहिले, हे मला फार सुंदर वाटतं. गाव आपल्या जुन्या हाकेला अजून ओ देऊ शकतं.

बाकीच्या गावांनी दुसरी वाट काढली. आपलं कारंजा म्हणजे कारंजा घाडगे, वाशीमचं कारंजा लाड. आपलं तळेगाव श्यामजीपंत, अमरावतीचं तळेगाव दशासर, पुण्याकडची दाभाडे आणि ढमढेरे. आष्टी बीडला आहे, गडचिरोलीत आहे. आपली आष्टी १९४२च्या ऑगस्टमधल्या हुतात्म्यांमुळे ‘शहीद’ झाली. पुढे जोडलेला तो एक शब्द ओळख पटवायला आला आणि इतिहास होऊन बसला.

आता संगीताकडे. मुंबईत १९९४ साली विशाल ददलानी आणि त्यांच्या मित्रांनी ‘पेंटाग्राम’ नावाचा रॉक बँड सुरू केला. पाच टोकांची चांदणी, असा शब्दाचा अर्थ. पण अमेरिकेत व्हर्जिनियात १९७१पासून एक पेंटाग्राम होताच, आणि तुर्कस्तानातही तिसरा होता. तुर्की बँडने घरी नाव तेच ठेवलं, देशाबाहेर मात्र ‘मेझारकाबुल’ हे नाव लावलं. मुंबईच्या पेंटाग्रामने २०११ला ‘ब्लडीवूड’ नावाचा अल्बम काढला, आणि पाच वर्षांनी दिल्लीत त्याच नावाचा एक बँड निघाला, जो आज जगभर वाजतो. इंग्लंडच्या ‘स्वेड’ला अमेरिकेत ‘द लंडन स्वेड’ म्हणवून घ्यावं लागलं. ही कारंजा-लाडचीच रीत झाली. एका आयरिश ‘ब्लिंक’मुळे कॅलिफोर्नियाच्या ‘ब्लिंक’ने नावापुढे एकशे ब्याऐंशी हा आकडा जोडला.

यात नवल नाही. शब्द थोडे, माणसं फार. मला खरं बोलायचंय ते याच्या पुढच्या गोष्टीबद्दल. नाव कानाला सारखं लागलं की आपण नातं जोडून मोकळे होतो, आणि खरं नातं जिथे असतं तिथे आपलं लक्षच जात नाही.

आधी पोस्ट-रॉक म्हणजे काय ते सांगतो. १९९४मध्ये सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने हा शब्द रूढ केला. त्याचं म्हणणं असं, की ही मंडळी वाद्यं रॉकचीच घेतात, गिटार, बेस, ड्रम, पण त्यातून काढायचं ते रॉक नव्हे. चटकदार धून नको, सुराचा पोत हवा. बहुतेक वेळा गाणारा नसतोच. तुकडा दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं चालतो. अगदी हळू सुरू होतो, एकच छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येते, दर वेळी थोडी दाट होऊन. ज्यांनी भजनी मंडळात पहाटेपर्यंत टाळ धरलाय, त्यांना हे ऐकताना परकं वाटणार नाही. गजर असाच चढतो: आधी एक टाळ, मग चार, मग मृदंग, आणि मग कोण वाजवतंय ते कळेनासं होतं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते भाच्यामुळे. मे महिन्याची रात्र, वीज गेलेली, आम्ही गच्चीवर गाद्या टाकून पडलेलो. त्याने इअरफोनचं एक टोक माझ्या कानात दिलं आणि म्हणाला, ‘मामा, मोगवाय ऐका.’ मला ऐकू आलं मोगली. माझ्या शेजारी पडलेल्या बहिणीलाही मोगलीच ऐकू आलं. ती म्हणाली, ‘दूरदर्शनवर लागायचं ते?’

मोगवाय हा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा बँड, १९९५चा. त्या रात्री ऐकलेला तुकडा त्यांच्या १९९७च्या पहिल्या अल्बममधला शेवटचा, सोळा मिनिटांहून लांब. गिटारवर तीनच स्वरमेळ फिरत राहतात. खाली ड्रम थांबतच नाहीत, थ्रेशरच्या पट्ट्यासारखे चालू. मध्येच सगळा गोंगाट मागे सरतो आणि एक बासरी येते. आमच्यातलं कोणी बोललं नाही. खाली रस्त्यावरून एक बैलबंडी गेली, तिच्या घुंगरांचा आवाज त्या बासरीत मिसळला. मी तो तुकडा नंतर कितीदा ऐकला असेन, पण ती घुंगरं नसली की काहीतरी उणं वाटतं.

तर मोगवाय आणि मोगली. मोगली हे किपलिंगने घडवलेलं नाव, १८९४च्या ‘जंगल बुक’मुळे गाजलेलं, आणि त्याचं जंगल आपल्या शेजारचं, शिवनीचं. त्यातली वैनगंगा गडचिरोलीत चपराळ्यापाशी आपल्या वर्धा नदीला भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. म्हणजे मोगली आपल्या पाण्याच्या नात्यातला. पण मोगवायशी त्याचा काही संबंध नाही. ग्लासगोच्या पोरांनी नाव उचललं १९८४च्या ‘ग्रेमलिन्स’ या सिनेमातल्या एका प्राण्यावरून, आणि सिनेमाने ते घेतलं हाँगकाँगकडच्या कँटोनीज बोलीतून. तिथे मोगवाय म्हणजे भूतपिशाच्च. पुढेमागे बरं नाव शोधू असं ठरवून त्यांनी ते ठेवलं, आणि तेच राहिलं.

इथवर मोगवायच्या बहुतेक चाहत्यांना ठाऊक असतं. आता यातला ‘मो’ पाहू. चिनी भाषेत हा शब्द पूर्वी नव्हता. तो बौद्ध ग्रंथांबरोबर भारतातून गेला. तो आहे आपला ‘मार’. बोधिवृक्षाखाली सिद्धार्थाला डळमळवायला आलेला मार! भाषांतर करणाऱ्यांना ‘मार’ हा उच्चार चिनी लिपीत लिहायचा होता. आधी त्यांनी जवळच्या आवाजाचं एक अक्षर वापरलं, ज्याचा अर्थ दळणं, जातं. त्या अक्षरात खाली ‘दगड’ हे चिन्ह असतं. पुढे कोणीतरी तो दगड काढला आणि त्याच जागी ‘भूत’ हे चिन्ह बसवलं. आवाज जात्याचा राहिला, अर्थ माराचा झाला. मोगवायमधलं पहिलं अक्षर हेच.

या सभागृहात अनेक घरं अशी आहेत, ज्यांच्या आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माराची गोष्ट त्यांच्या घरात मुलांना ठाऊक असते. त्यांना माझं सांगणं आहे, हा शब्द मगधातून चीनला गेला, चीनमधून सिनेमात, सिनेमातून ग्लासगोला, आणि इअरफोनमधून वर्ध्याच्या गच्चीवर परत आला. मोगलीशी जोडलेलं नातं खोटं निघालं. जे नातं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, ते दोन हजार वर्षांचं.

दुसरा दाखला याहून जवळचा आहे. १२ डिसेंबर २०१६ला चेन्नईवर मोठं वादळ आलं. पाकिस्तानने सुचवलेलं त्याचं नाव होतं वर्दा, म्हणजे गुलाब. आपल्याकडे ते ‘वरदा’ आणि ‘वर्धा’ असं दोन्ही प्रकारे लिहिलं गेलं, आणि मला बाहेरगावच्या नातेवाइकांचे काळजीचे फोन आले. आपली वर्धा मात्र वरदा, वर देणारी. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त विदर्भाचे दोन भाग होतात ते याच वरदेच्या दोन तीरांवर. वादळाचं नाव अरबी, नदीचं संस्कृत.

आता आइसलँडला चला. तिथला ‘सिगुर रोस’ हा पोस्ट-रॉकमधला फार मोठा बँड, १९९४चा. गायक योन्सी याला त्याच सुमाराला बहीण झाली, तिचं नाव सिगुररोस. बाळाचं एका शब्दातलं नाव बँडने तोडून दोन शब्दांत लिहिलं. सिगुर म्हणजे विजय, रोस म्हणजे गुलाब. हे ‘रोस’ लॅटिन ‘रोझा’कडून आलं, आणि त्याचं नातं ग्रीकमधून थेट प्राचीन इराणी भाषेतल्या गुलाबाच्या शब्दाशी पोचतं, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. अरबीतला ‘वर्द’ त्याच इराणी शब्दातून आला. आणि फारसीत झिजत झिजत त्याच शब्दाचं झालं ‘गुल’. म्हणजे आपल्या कुंडीतल्या गुलाबातला ‘गुल’, चेन्नईच्या वादळातला ‘वर्दा’ आणि आइसलँडच्या बँडचा ‘रोस’ ही एका घरची भावंडं. त्यांच्या तोंडवळ्यात काही साम्य उरलेलं नाही. आणि आपली वर्धा, जिचा उच्चार वादळाशी इतका जुळतो, ती दुसऱ्याच घराण्यातली.

भारतातही हे संगीत होतं. उद्दीपन सर्मा या कलावंताने सुरू केलेला स्वतंत्र बँड आहे, ‘अॅज वुई कीप सर्चिंग’. चार इंग्रजी शब्द, पण बँड ते मध्ये जागा न सोडता सलग एका ओळीत लिहितो. शोधत राहणं हा त्या नावाचा गाभा. त्यांचे अल्बम ‘ख्वाब’ २०१५चा, ‘झिया’ २०१७चा, ‘रूह’ २०१९चा. झिया म्हणजे उजेड, शब्द अरबी. माझी खात्री आहे की मराठी माणूस तो ‘जिया’ असा म्हणेल आणि हिंदी गाण्यांच्या सवयीने काळीज असा अर्थ घेईल. दोष कानाचा नाही. आपल्या बोलण्यात दंततालव्य ज ‘जरा’त आहे, ‘जाड’मध्ये आहे, पण पुढे इकार आला की तो तालव्य होतो: जीव, जिरं. म्हणून फारसीतली ‘जमीन’ आपल्याकडे मूळ आवाजासकट टिकली, पण ‘झीना’चा ‘जिना’ झाला. काळजाचा ‘जिया’ आला ‘जीवा’तून. एक शब्द अरबस्तानातला, एक आपल्या श्वासातला, आणि मराठी जिभेवर दोघं एक होतात.

उद्दीपन या नावापाशी मी जरा थांबतो. आपल्या रसशास्त्रात विभाव दोन सांगितले आहेत. आलंबन म्हणजे ज्याच्याविषयी भाव आहे ती व्यक्ती, आणि उद्दीपन म्हणजे भाव चेतवणारा परिसर, चंद्र, मेघ, वारा. भावगीतात आलंबन असतं: तू, ती, तो. पोस्ट-रॉक आलंबन बाजूला ठेवतं आणि उरतं निव्वळ उद्दीपन. कोणासाठी व्याकूळ व्हायचं, ते ऐकणाऱ्याने आपलं आपण ठरवायचं. या संगीताचं याहून नेमकं वर्णन मला इंग्रजीत वाचायला मिळालेलं नाही. आणि तो शब्द एका भारतीय बँडच्या संस्थापकाचं पाळण्यातलं नाव असावा, हा योगायोग मला मोलाचा वाटतो.

गाण्याला शब्द नसले की सगळा भार नावावर येतो. ऐकणाऱ्याच्या हाती तेवढाच एक शब्द असतो. टेक्ससच्या ‘एक्स्प्लोजन्स इन द स्काय’ या बँडचं नाव पडलं १९९९च्या ४ जुलैच्या रात्री, आकाशातली आतषबाजी पाहून त्यांचा ड्रमवादक सहज काही बोलला त्यावरून. कॅनडातल्या माँट्रियलच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ने जपानी मोटारसायकल टोळीवरच्या १९७६च्या एका माहितीपटाचं नाव घेतलं. या उगमकथा आपल्याला कळतात, कारण नाव ठेवणारी माणसं हयात आहेत आणि कोणीतरी त्यांना विचारलं.

वर्धा, हिंगणघाट, पुलगावातली जी मुलं आज गिटार घेऊन बसतात, त्यांना माझी विनंती आहे. नाव शोधायला फार लांब जाऊ नका. आपल्याकडे प्रत्येक वावराला नाव असतं: मोहाचं वावर, पांदणीवरचं, नाल्यापलीकडचं, कुणा म्हातारीचं. सातबाऱ्यावर ओळख गट नंबरने होते, नाव राहतं ते लोकांच्या तोंडी. वावर विकलं गेलं, त्यावर प्लॉट पडले, की दहा वर्षांत ते पुसलं जातं. आजोबांना विचारा.

दाराशी एक वही ठेवायला मी आयोजकांना सांगितलंय. जाताना आपल्या घरच्या एका वावराचं नाव, ते कोणी ठेवलं आणि कशावरून, एवढं लिहून जा.