औषध घेतलेल्या गाईचे दूध

गाईला दगडी झाली, कास सुजली, की आपण गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. ते सडात पेनिसिलिनसारख्या औषधाची नळी सोडतात. चार दिवसांत सूज उतरते, दूध स्वच्छ दिसू लागते, आणि आपण ते डेअरीच्या कॅनमध्ये ओततो. चूक होते ती इथेच. दूध दिसायला पांढरे असले, तरी औषध त्यात उतरतच असते.

‘उकळले म्हणजे झाले,’ असे कोणी म्हणेल. पण उकळल्याने ही औषधे पुरती जात नाहीत. ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, त्याला अशा दुधाने त्रास होऊ शकतो. शिवाय थोड्या थोड्या औषधाला सरावलेले रोगजंतू पुढे त्याच औषधाला दाद देत नाहीत.

हे ओळखायचे कसे? विरजणाचे जंतू औषधाने मरतात, म्हणून असे दूध कधीकधी विरजत नाही. पण दही लागले म्हणजे दूध निर्धोक, असे मात्र समजू नका. प्रयोगशाळेत एका लहान नळीत निरुपद्रवी जंतू आणि जांभळा रंग असतो. त्यात दुधाचे थेंब टाकून ती दोन-तीन तास ऊबेत ठेवतात. जंतू वाढले, की आंबटपणा येऊन रंग पिवळा होतो. दुधात औषध असेल, तर जांभळा तसाच राहतो. २०१८ साली देशभर तपासलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ नमुन्यांत औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला.

मग आपण काय करावे? दूध किती दिवस घालायचे नाही, हे डॉक्टरांना विचारा. शेवटच्या नळीपासून ते दिवस मोजा. औषध एकाच सडात सोडले, तरी चारही सडांचे दूध बाजूला काढा. गाईच्या पायाला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे धार काढणारा दुसरा असला तरी चुकणार नाही. गुरुजींनो, तुमच्या शाळेतली मुले घरच्या भिंतीवर या तारखा सहज लिहितील.

तेवढ्या दिवसांचे पैसे बुडतात, हे खरे. दुधाच्या पैशांवर ज्या घरचा किराणा येतो, तिथे ही गोष्ट लहान नाही. पण एका गाईच्या दुधाने कॅन बिघडतो, कॅनने टँकर बिघडतो, आणि सगळ्या गावाचे दूध परत येते. आपल्या कॅनमधले दूध कुणाच्या तरी तान्ह्याच्या वाटीत जायचे आहे, एवढे ध्यानात ठेवू या.