औषधे आणि आपले काळीज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



अध्यक्षीणबाईंनी मला ‘आरोग्य’ या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय समुद्राएवढा आणि वेळ हळदीकुंकवापूर्वीची वीस मिनिटे! तेव्हा मी त्यातले एकच निवडले आहे: औषधांनी यकृताला होणारी इजा.

काळीज म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो. पण जुन्या भाषेत काळीज म्हणजे यकृतच. खाटकाकडची कलेजी ती हीच. उजव्या बरगड्यांखाली सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव असतो. आपण गिळलेली बहुतेक औषधे आतड्यातून रक्तात गेली की आधी त्याच्याच दारात जातात. तेथे त्यांची मोडतोड होते, आणि कधी कधी मूळ औषधापेक्षा मोडून निघालेला भागच अधिक विषारी असतो.

पॅरासिटामॉलचे असेच आहे. बेताने घेतले तर निर्धोक. धडधाकट माणसालाही दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. पण तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, अंगदुखीची वेगळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉलच, असे पुष्कळदा असते. पाकिटावरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. क्षयाच्या औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला जड जातात. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, तिला भिऊ नये. मात्र डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आता कर्करोग. त्यावरील कित्येक औषधांचा भार यकृतावर पडतो, म्हणून उपचाराच्या पाळीपूर्वी रक्त तपासतात आणि आकडे चढलेले दिसले तर मात्रा कमी करतात किंवा पाळी पुढे ढकलतात. शरीरात दबून बसलेली ‘ब’ प्रकारची कावीळ या औषधांनी उसळू शकते. तिची तपासणी आधीच व्हावी. मेथोट्रेक्सेट हे औषध तर संधिवातालाही देतात, पण आठवड्यातून एकदाच. ते चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत.

माझ्या धाकट्या जाऊबाईंना स्तनाचा कर्करोग झाला. चौथ्या पाळीच्या वेळी यकृताचे आकडे एवढे चढले की डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवले. घरात रडारड! औषध थांबले म्हणजे रोग वाढणार, हीच सर्वांना धास्ती. मी खोदून खोदून विचारले, तेव्हा कळले की शक्ती यावी म्हणून दोन महिने गुळवेलीचा काढा चालला होता. शेजारीण प्रेमाने करून आणीत होती. “काढा म्हणजे काही औषध नव्हे, वन्सं. डॉक्टरांना काय सांगायचं?” असे जाऊबाईंनी माझ्या नणंदेला सांगितले होते. काढा बंद केला. तीन आठवड्यांनी आकडे उतरले व उपचार पुढे सुरू झाले. दोष काढ्याचा की इंजेक्शनाचा, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आले नाही. एकाच वेळी दोन्ही चालू असले, की ही अडचण येतेच.

पण संशय निराधार नव्हता. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेल उकळली जात होती. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणारे, यकृताला इजा झालेले सहा रुग्ण पाहिले व २०२१ मध्ये ती हकीकत प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातील तेरा केंद्रांतील ४३ रुग्णांची माहिती आली. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्रास साधारण दीड महिन्याने सुरू झाला होता. कित्येकांत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली: गुळवेल निर्दोष आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल मात्र अपाय करू शकते. बरे, तसेच धरू; पण कुंपणावरची वेल नेमकी कोणती, हे आपल्यापैकी किती जणींना ओळखता येईल?

आजीबाईच्या बटव्याची मला हेटाळणी करावयाची नाही. आल्याचा चहा मीही पिते. माझे मागणे एवढेच की दवाखान्यात जाताना गोळ्यांची पाकिटे, काढ्याची पुडी, ताकदीची पावडर, सारे एका पिशवीत घालून न्यावे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ओतावे. त्यांनी विचारले नाही तरीही. रागावले तर रागावू देत.

कुणाला चारचौघींत विचारावयाचा संकोच वाटत असेल, तर चहाच्या वेळी मी मागच्या ओट्यावर बसलेली असेन.